मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ

मुंबईहून लंडनला विमानाने जावयाचे झाल्यास किती वेळ लागेल? गणिताच्या तासाला हा प्रश्न अगदी सोपा वाटतो. दोन्ही शहरांमधील अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, जेट विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर. भागाकार केला की उत्तर आठ तास! प्रत्यक्षात मात्र जाताना साडेनऊ ते दहा तास लागतात आणि परत येताना सुमारे एक तास कमी लागतो. विमान तेच, शहरेही तीच. मग हा फरक का पडावा?

जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहत असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग पुष्कळदा ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक होतो. प्रवाहाविरुद्ध वल्हविलेली होडी जशी रेंगाळते, तशीच लंडनकडे निघालेल्या विमानाची गत होते. परतीच्या वाटेवर तोच वारा त्याला पाठीमागून रेटतो.

प्रवाशाच्या घड्याळाची तर याहून अधिक फजिती होते! हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. दुपारी दोन वाजता मुंबई सोडलेला प्रवासी दहा तासांनी उतरतो, तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. परतताना दुपारी दोनला निघून नऊ तास प्रवास केला, तर मुंबईत दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडत असते.

आता वाटेचा विचार करू. भिंतीवरील सपाट नकाशावर या दोन शहरांमध्ये सरळ रेघ ओढली, तर ती इराणच्या आखातावरून बगदादजवळून जाते. परंतु पृथ्वी गोल आहे. शाळेतील पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरा. तो बराच उत्तरेकडे सरकतो आणि पाकिस्तान, इराण, कास्पियन समुद्र, काळा समुद्र व युक्रेन यांवरून जातो. ७,२०० किलोमीटर ही या दोऱ्याची लांबी होय.

या दोऱ्यावरून विमानांना नेहमीच जाता येते, असे मात्र नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे उतरत गेले. एका दमात एवढा पल्ला गाठण्याची शक्ती त्या काळच्या विमानांत नव्हती. पुढे ती शक्ती आली, पण माणसांची भांडणे आडवी आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्या देशावरील आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना आपल्या हद्दीवरून जाण्यास मनाई केली. तेव्हा मुंबईहून निघालेल्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घेऊन युरोपकडे जावे लागले आणि त्या वळशापुरते इंधनही बरोबर घ्यावे लागले.