एका संख्येतून उगवलेले राज्य

तळहाताएवढ्या एका तबकडीवर निम्मा महाराष्ट्र मावेल काय?

1996 साली अमेरिकेतील बेथेस्डा सॉफ्टवर्क्स या कंपनीने ‘डॅगरफॉल’ नावाचा संगणक-खेळ बाजारात आणला. त्यातील काल्पनिक प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे 1,60,000 चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर आहे, यावरून त्याचा विस्तार ध्यानात येईल. त्यात गावे, शहरे, भुयारे अशी 15,000 हून अधिक ठिकाणे आहेत. खेळाडूने योद्धा, मांत्रिक किंवा चोर असे एखादे सोंग घ्यायचे आणि मनाला येईल तिकडे भटकायचे. जी विद्या वापरावी ती वाढते. उड्या मारणाऱ्याची उडी सुधारते! हे स्वातंत्र्य या खेळाचे मोठे बळ होय.

पण एवढे राज्य हाताने रचायचे कोणी? रोज दहा ठिकाणे रचली तरी 1,500 दिवस, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून रचनाकारांनी काही तुकडे स्वतः घडवले आणि ते जोडण्याचे बरेचसे काम नियम देऊन संगणकावर सोपवले.

नियमातून विविधता कशी निघते? वही-पेन्सिल घ्या. 35 ही आपली बीजसंख्या. तिला 21 ने गुणा, 7 मिळवा आणि उत्तराचे शेवटचे दोन अंक तेवढे ठेवा. 742 मधून 42 मिळतात. पुन्हा तेच करा. 35, 42, 89, 76, 03, 70, 77... अशी रांग तयार होते. आता संख्या 50 पेक्षा लहान असेल तर झाड, नाही तर घर काढा. झाड, झाड, घर, घर, झाड, घर, घर. झाले आपले गाव वसायला सुरुवात!

हे फासे टाकल्यासारखे वाटते, पण फाशांचे दान दर वेळी वेगळे पडते. येथे 35 पासून निघाल्यास नेहमी हेच गाव मिळेल. म्हणून सारे गाव साठवण्याची गरज नाही. बीज आणि नियम जपले की पुरे. प्रत्यक्ष खेळातील नियम पुष्कळ गुंतागुंतीचे असतात, पण मूळ युक्ती हीच.

आता तीच रांग पुन्हा पाहा. एकं स्थानचे अंक 5, 2, 9, 6, 3, 0, 7 असे आहेत. दर वेळी 3 वजा होतात; वजा होत नसतील तेव्हा 10 उसने घेतले जातात. एकदा हे कळले की गंमत संपली! डॅगरफॉलच्या खेळाडूंनाही हाच अनुभव आला. तीच दालने, तेच जिने वेगवेगळ्या भुयारांत पुन्हा भेटत. गावकरी सांगत ती कामेही साच्यातली. फक्त नाव, गाव आणि वस्तू बदललेली. शिवाय एवढ्या पसाऱ्याची तपासणी अपुरी पडली. खेळाडू कधी भिंतीतून निसटून पोकळीत पडे, आणि दोष काढण्यासाठी कंपनीला मागाहून दुरुस्त्या पुरवाव्या लागल्या. नियम खोल्या जोडू शकतो, पण ती खोली तेथे कोणी, कशासाठी बांधली, हे त्याला ठाऊक नसते.

याच कंपनीने 2002 साली ‘मॉरोविंड’ या खेळात उलट वाट धरली. डॅगरफॉलच्या एक हजारांशापेक्षाही लहान असे एकच बेट, पण तेथील वस्तू रचनाकारांनी हाताने मांडलेल्या. त्यामुळे जागोजागी निराळेपण आले. मात्र भटकणाऱ्याला समुद्रकिनारा लवकर लागू लागला.

तेव्हा एखादे जग किती मोठे, हे केवळ चौरस किलोमीटरांनी ठरत नाही. पुढच्या वळणावर काय असेल, याचा अंदाज किती वेळा चुकतो, हेही मोजावे लागते.

करून पाहा : वरील नियमात 21 ऐवजी 20 घ्या. बीज 35 च ठेवा. तुमचे गाव कितव्या पावलाला थांबते? आणि का?