कुंपण आधी, कोंबडी मागाहून

मोकळ्यावर कोंबड्या पाळायच्या म्हणजे सकाळी खुराड्याचं दार उघडायचं आणि संध्याकाळी अंडी गोळा करायची, असं ज्यांना वाटतं त्यांनी एप्रिलमध्ये आमच्या माणदेशात एकदा येऊन जावं. रानात हिरवं पान नसतं, किडामुंगी खोल गेलेली असते आणि सोडलेली कोंबडी ऊन कलेपर्यंत बाभळीखाली चोच वासून बसते. चरायला जागा भरपूर असते, पण चरायला काही नसतं.

आमच्या आजीच्या दहा-बारा कोंबड्या उकिरड्यावर, खरकट्यावर आणि खळ्यात सांडलेल्या दाण्यावर जगल्या. तिला खाद्याचा खर्च नव्हता, हे खरं. पण दहाच्या दोनशे केल्या तरी घरचा उकिरडा तेवढाच राहतो. प्रकल्प अहवालात मात्र ‘मुक्तसंचार, त्यामुळे खाद्यखर्च नगण्य’ असं वाक्य हमखास असतं. बंदिस्त कुक्कुटपालनात एकूण खर्चाचा साठ-सत्तर टक्के भाग खाद्याचा असतो. मोकळ्यावर तो कमी होतो, पावसाळ्यात चांगलाच होतो, पण उन्हाळ्यात मका भरडा, पेंड आणि कॅल्शियम घालावंच लागतं. अझोलाचा हौद करा म्हणून सगळे सांगतात. सावली आणि पाणी असेल तर जरूर करा; आमच्याकडच्या मे महिन्यात उघड्यावर तो टिकत नाही.

जात निवडताना अंड्यांचा आकडा पाहून भुलू नका. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पण खुडूक बसून स्वतःची पिल्लं स्वतः काढते. वनराज, गिरिराज लवकर भरतात, अंडीही जास्त देतात. मात्र त्यांच्यात खुडूक बसणारी क्वचित सापडते, म्हणजे दर खेपेला पिल्लं विकतच आणायची. शिवाय अंग जड, त्यामुळे कुत्रं मागं लागलं की गावरान भुर्रकन झाडावर जाते आणि ही जागीच सापडते. ‘पिल्लं आमची, अंडीही आम्हीच घेऊ’ म्हणणाऱ्या कडकनाथवाल्यांपासून तर लांबच राहा. 2019 मध्ये आमच्या बाजूच्या तालुक्यांत कर्ज काढून त्यात पडलेले लोक मी पाहिलेत. पिंजरे अजून दारात आहेत, अंडी घेणारा गायब.

आता कुंपण. आम्ही चांगली चेनलिंक जाळी ओढली होती, वर तारही. कुत्री अडली. पण चेनलिंकच्या छिद्रातून लहान मुंगूस आरामात जातं. पहाटे पिल्लांच्या खोलीत गेलो तर एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग पडलेला. आमच्या आक्कानं एकेक पिल्लू हातात घेऊन मान चाचपली. वरच्या चार-पाचांच्या मानेला दात लागले होते. खालच्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. “ही मुंगसानं न्हाईत मारली,” ती म्हणाली, “ही भ्याली आन् एकमेकींखाली चेंगरली.” तेव्हापासून आमच्याकडं पिल्लांच्या खोलीला कोपरा नाही. चारी कोपऱ्यांत पत्र्याची वाकवलेली पट्टी आहे, म्हणजे ढीग व्हायला जागाच उरत नाही. कुंपणाच्या खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश, त्यातली फूटभर जमिनीत, बाहेरच्या अंगाला वाकवून. हा खर्च पिल्लं आणण्याआधीचा आहे. नंतर करू म्हणणारा करतोच, पण एकदा नुकसान झाल्यावर.

दिवसा घार आणि शिकरा. त्यावर जाळीचं छत परवडत नाही. शेवगा, हादगा, तूर अशी दाट सावली परवडते.

मानमोडीसारखा रोग मात्र कुंपण जुमानत नाही. लसी वेळेवर द्या: लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरो दुसऱ्या आठवड्यात, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बी. लसीची कुपी एका वेळी शेकडो पक्ष्यांची असते, आणि एकदा मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. थोड्या कोंबड्यावाल्यांनी शेजारपाजारच्यांना जमवून एकाच सकाळी लस द्यावी, बर्फाच्या थर्मासमधून आणावी. आणि बाजारातून न विकता परत आलेला कोंबडा थेट कळपात सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. घरात रोग बहुधा त्याच्याच पायांनी येतो.

कोंबड्यांच्या जोडीला शेळ्या घ्यायच्या असतील तर त्यांचंही थोडक्यात सांगतो. आधी एक पावसाळा शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास लावा, मग शेळी आणा. उस्मानाबादी आमच्या हवेला मानवते, जुळी करडंही देते. बाजारात फुगलेली कास दिसली की पिळून बघा. दूध न काढता तुंबवून आणलेली असते. शक्यतो घरी जाऊन, आई आणि बहिणी बघून पाठ घ्या. आंत्रविषाराची लस पावसाच्या आधी, कारण कोवळ्या गवतावर तुटून पडलेलं धष्टपुष्ट करडूच एका रात्रीत जातं. अनुदानाबद्दल सगळे विचारतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात भांडवली खर्चाच्या निम्मं मिळतं, पण शेळीचा प्रकल्प शंभर शेळ्या, पाच बोकडांपासून पुढं. ज्यानं पाच शेळ्यांची लेंडी झाडली नाही त्यानं अनुदानापायी शंभर आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

विक्रीचं सगळं गणित पंचांगात आहे. आखाडात गिऱ्हाईक दारात येतं, दीप अमावस्येनंतर महिनाभर फिरकत नाही. नवरात्रात पुन्हा थंड, मार्गशीर्षात पुन्हा. गावरान पिल्लू सव्वा किलोवर यायला चार-पाच महिने लागतात, म्हणून आखाडाची पिल्लं महाशिवरात्रीच्या सुमारास घरात हवीत. श्रावणात उरलेला कोंबडा रोज खातो आणि वजन मात्र भाव वाढावा एवढं वाढत नाही. बोकडांचं गणित आणखी निराळं. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येते, तेव्हा गेल्या वर्षीच्या तारखा धरून शेळ्या फळवल्या तर बोकड ईदीला कोवळा राहतो.

आणि दोन-तीन महिन्यांच्या खाद्याचे पैसे बाजूला असू द्या. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा उठली आणि भाव कोसळला. आमच्या भागात काहींनी पक्षी मिळेल त्या किमतीला काढले, काहींनी नुसते वाटले. हातात खाद्याचे पैसे होते ते थांबले. पावसाळ्याच्या तोंडाला भाव परत आला तेव्हा पक्षी वाटून टाकणारे लोक आमच्या दारात पिल्लं आहेत का म्हणून विचारत होते.