वाइड लेन्स घेताय? आधी सेन्सर बघा!

मित्रांनो, होस्टेलमध्ये सध्या सेकंडहँड डीएसएलआरची लाट आहे. कॅमेरा आला की पुढची मागणी अल्ट्रा-वाइड झूमची. मग कोणीतरी अनुभवी सल्ला देतो, "फुल फ्रेमचीच लेन्स घे, पुढे उपयोगी पडेल." पटतं ना? पण पैसे घरून आलेले असतात, म्हणून आधी थोडं गणित करू.

फुल फ्रेम सेन्सर 36 × 24 मिमी असतो. कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्यात तो साधारण 22.3 × 14.9 मिमी असतो. लेन्स तीच राहिली तरी छोटा सेन्सर चित्राचा मधलाच भाग घेतो. फोकल लेंग्थ बदलत नाही, कोन कमी होतो. फुल फ्रेमशी तुलना करायची तर लेन्सवरच्या आकड्याला कॅननसाठी 1.6 ने आणि निकॉनसाठी 1.5 ने गुणायचं.

आता समजा, तुमच्या रूमची 3 मीटर रुंद भिंत पूर्ण फोटोत घ्यायची आहे. शाळेतले समरूप त्रिकोण आठवा:

अंतर = फोकल लेंग्थ × भिंतीची रुंदी ÷ सेन्सरची रुंदी

कॅनन क्रॉपवर 18 मिमीची किट लेन्स असेल तर साधारण 2.42 मीटर मागे जावं लागेल. मध्ये कॉट, टेबल आणि रूममेटच्या बॅगा! 10 मिमीची लेन्स असेल तर 1.35 मीटर पुरे.

आणि ती "पुढे उपयोगी पडणारी" लेन्स? कॅननची 2003 साली आलेली 17-40 घ्या. फुल फ्रेमवर 1.42 मीटर, म्हणजे झकास. पण तीच क्रॉपवर लावली तर 2.29 मीटर! म्हणजे एवढा खर्च करून किट लेन्सपेक्षा फायदा किती, तर जेमतेम 13 सेंटीमीटर.

म्हणून क्रॉप कॅमेरा असेल तर क्रॉपसाठीच बनवलेली लेन्स बघा. कॅननची 10-18 (2014) फक्त 240 ग्रॅमची आहे आणि तिच्यात स्टॅबिलायझर आहे. देऊळ, किल्ला, लेणी यांना ती छान. पण स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, नाचणाऱ्याचे पाय नाही! गॅदरिंगच्या अंधाऱ्या स्टेजसाठी टोकिनाची एफ/2.8 वाली 11-16 बरी. निकॉनची 10-20 (2017) हलकी आहे, पण ती एएफ-पी प्रकारची असल्यामुळे डी90 सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच होत नाही. सेकंडहँड घेताना आपल्याच बॉडीवर लावून बघा.

उद्या खरंच फुल फ्रेम घेतला तर? कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनची डीएक्स बसते, पण कॅमेरा मधलाच भाग वापरतो आणि 24 मेगापिक्सेलचे साधारण 10 उरतात. तेव्हा ती विकायची आणि 16-35 सारखी घ्यायची. निकॉनची 14-24 (2007) भारी आहे, पण वजन जवळजवळ 1 किलो, आणि पुढची काच फुगीर असल्याने साधा फिल्टर लागत नाही.

शेवटची एक टीप. वाइड लेन्सने ग्रुप फोटो काढताना कोणालाही कडेला उभं करू नका, चेहरा ताणला जातो. कॅमेरा वर-खाली झुकवलात तर इमारतीही पडायला आल्यासारख्या दिसतात.

तर दोस्तहो, लेन्स आज हातात असलेल्या कॅमेऱ्यासाठी घ्या, चार वर्षांनी येणाऱ्या कॅमेऱ्यासाठी नको. तोपर्यंत कॉलेजच संपलेलं असेल!