दोन्ही बाटल्यांवर ०.१ च लिहिलंय ना?

अगं, आधी तो कपाळावरचा हात काढ बघू. पेठला दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलीस, आता अकरावी सायन्सची जाडजूड इंग्रजी पुस्तकं समोर आल्यावर पोटात गोळा येणारच. पण आम्लांचा हा धडा तुला जमणार आहे. तुझं अडलंय ते एकाच जागी.

खरं सांगू का, तू ‘तीव्र’ आणि ‘संहत’ एकच धरतेस. संहत म्हणजे पाण्यात आम्ल भरपूर घातलंय. तीव्र म्हणजे जेवढं घातलं, तेवढं सगळं फुटून हायड्रोजन आयन मोकळे झाले. आणि सामू मोजतो तो फक्त हे मोकळे झालेले आयन.

आता बघ, दोन बाटल्या, दोन्ही ०.१ मोलार. हायड्रोक्लोरिक आम्ल सगळंच्या सगळं फुटतं, म्हणून सामू १. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाचे शंभरातून जेमतेम एक-दीड रेणू फुटतात, बाकीचे तसेच अखंड; असं आम्ल ते सौम्य. म्हणून सामू २.९ च्या आसपास. फरक किरकोळ वाटला ना? नाही गं! सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०९ साली ही मोजपट्टी केली ती दहाच्या पटीत. सामू एकाने उतरला की आयन दहापट. म्हणजे या दोन बाटल्यांत जवळजवळ पाऊणशे पटीचा फरक आहे.

पण नुसता सामू बघून आम्लाची जात ठरवायची नाही हं. तेच हायड्रोक्लोरिक शंभरपट पातळ कर, सामू ३ येईल, अ‍ॅसेटिकच्या अगदी शेजारी. तरी ते तीव्रच. आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असंही समजू नकोस. फॉर्मिक आम्ल सौम्यच असतं, पण तेच अंगात असलेल्या आंब्यावरच्या लाल मुंग्या चावल्या की कशी आग होते, ते पेठच्या पोरीला मी काय सांगायचं!

आता प्रॅक्टिकलची काळजी. त्या दोन बाटल्यांतल्या आम्लांचे प्रत्येकी १० मिली घेतलेस, तर ०.१ मोलारचं सोडियम हायड्रॉक्साइड दोन्हींना १० मिलीच लागेल. घाबरून वाचन बदलू नकोस, ते बरोबरच आहे. मोकळे आयन संपत जातात तसतसे अ‍ॅसेटिकचे अखंड रेणू फुटत जातात, शेवटी सगळेच कामी येतात. फक्त अ‍ॅसेटिकला दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलिनच घे. मिथिल ऑरेंज फार आधीच रंग बदलतं आणि सगळं गणित चुकतं. आणि पिपेट तोंडाने ओढायचं नाही, सरांकडून रबरी फुगा मागून घे.