खाडीकाठची हिरवी जागा : पाहणी आणि राखण

शहर वाढू लागले की मोकळी जागा आक्रसत जाते आणि त्यातही पाण्याकाठची जागा सर्वांत आधी हातची जाते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात मानकोलीचा परिसर आज अशाच वळणावर उभा आहे. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या या भागात एके काळच्या भातखाचरांच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. दक्षिणेस उल्हास नदीची खाडी असून तिच्या पलीकडे डोंबिवलीची दाट वस्ती आहे. अशा ठिकाणी नागरिकांना घटकाभर पाण्याकाठी जाता यावे, ही अपेक्षा रास्तच होय. मात्र तो काठ कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

तलावाचा काठ आणि खाडीचा काठ

ठाणे शहरातील मासुंदा तलाव हे नागरी जलाशयाचे परिचित उदाहरण आहे. कोपिनेश्वर मंदिराजवळचा हा तलाव बांधीव काठामुळे शहराचे फिरण्याचे ठिकाण झाला. तलावाचे पाणी एका जागी स्थिर असते. त्यामुळे त्याला कठडा, फरसबंदी व बाके शोभतात. खाडीची गोष्ट वेगळी आहे. तेथे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि पाण्याची सीमा सतत सरकत राहते. भरतीच्या पाण्याखाली जाणारी जागा भराव टाकून उंच केली व तिच्यावर हिरवळ लावली, तर ते पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या सखल वस्तीकडे वळते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास खोऱ्यातील कल्याण, बदलापूर परिसराने नदीचे उग्र रूप अनुभवले आहे. पुराला पसरण्यासाठी लागणारी जागा ‘पडीक’ समजणे किती महागात पडते, याचे भान अशा प्रसंगी येते.

खाजणातील वनस्पती

खाडीच्या चिखलात वाढणारी तिवर, कांदळ व चिपी ही झाडे येथील खरी बाग होत. तिवराची श्वसनमुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली दिसतात. चिखलात प्राणवायू अल्प असल्याने ती हवेतून तो घेतात. मुळांच्या जाळ्यात गाळ अडतो, काठ धरला जातो आणि मासे, कोळंबी व खेकड्यांच्या पिलांना आसरा मिळतो. याच जिल्ह्यातील ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये तो रामसर पाणथळ क्षेत्रांच्या जागतिक यादीत समाविष्ट झाला. ज्या काठाला लोक दलदल म्हणत, त्याचे मोल अशा रीतीने जगाने मान्य केले.

पाहणीचा एक पाठ

शिक्षकांना खाडीकाठची सहल हा भूगोल, विज्ञान व गणित यांचा एकत्रित पाठ करता येईल. कोकण किनाऱ्यावरील जुना ठोकताळा असा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन; म्हणून सुमारे तीन वाजता भरती. समुद्रापासून आत आलेल्या खाडीत भरती काहीशी उशिरा पोहोचते. हा उशीर किती, हे विद्यार्थ्यांनी एखाद्या धक्क्यावर वा खांबावर पाण्याची उंची टिपून शोधून काढावे. तीच पाहणी पौर्णिमेस व अष्टमीस केल्यास उधाण व भांगाची भरती यांतील फरक ध्यानी येतो. दिसलेले पक्षी, झाडे, टाकलेला राडारोडा व सांडपाण्याची तोंडे यांचीही नोंद ठेवावी. ओहोटीच्या चिखलात मात्र कोणासही उतरू देऊ नये. वर्षानुवर्षे जपलेल्या अशा नोंदी गावाचा पुरावा ठरू शकतात.

पंचायतीची जबाबदारी

भिवंडीभोवतालच्या अधिसूचित क्षेत्रासाठी २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. त्यामुळे विकास आराखड्यात आपल्या गावातील उद्यान व खुल्या जागांची आरक्षणे कोठे आहेत, याची माहिती सदस्यांनी नकाशा पाहून करून घ्यावी. गावाच्या सामायिक जमिनीवरील व तळ्यांवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी राज्यांना निर्देश दिले आहेत. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. कांदळवनाभोवतालच्या ५० मीटर पट्ट्यासही संरक्षण आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. शाळेच्या नोंदी या वहीत आल्यास विद्यार्थ्यांच्या श्रमाचे चीज होईल.

खाडीकाठी सुविधा करूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. भरतीरेषेच्या वर, कांदळवनापासून योग्य अंतर राखून व आवश्यक त्या परवानग्या घेऊन, मातीची पायवाट, सावलीची स्थानिक झाडे, बसण्यास चार जागा आणि मासेमारांच्या होड्यांना मोकळी वाट एवढे पुरेसे आहे. मुख्य प्रश्न वहिवाटीचा आहे. जेथे लोक नित्य जातात, तेथे रात्रीतून भराव पडला तर दुसऱ्या दिवशी तो कोणाच्या तरी दृष्टीस पडतो. जेथे कोणी फिरकत नाही, तेथे वर्षभरानेही पत्ता लागत नाही. गोदामे गावाला रोजगार देतात, खाडी गावाला श्वास देते. दोहोंची सीमा कागदावर पक्की करून तिच्यावर नित्य पाऊल ठेवणे, हेच या परिसरातील ग्रामसभांपुढील खरे कार्य आहे.