बर्फावर परतण्याची घाई नको

प्रश्न : आम्ही टोरांटोत राहतो. तेरा वर्षांची मुलगी फिगर स्केटिंग करताना डोक्यावर आपटली. कन्कशनचं निदान झालं. आता डोकं दुखत नाही, म्हणून ती रिंकवर जायचा हट्ट धरते. पाठवू का?

उत्तर : लगेच नको. डोकेदुखी थांबली म्हणजे मेंदू सावरला असं नाही. त्याआधीच दुसरा मार बसला, तर दुखणं गंभीर होऊ शकतं. आधी पूर्ण वेळ शाळा त्रासाविना जमू दे. चालणं, स्थिर सायकल हे हलके व्यायाम त्याबरोबर चालतील. बर्फावर मात्र साध्या सरावातही पडण्याचा धोका असतो, म्हणून पाऊल ठेवण्यापूर्वीच डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या. मग सरळ स्केटिंग, वळणं आणि सर्वांत शेवटी गिरक्या व उड्या. प्रत्येक टप्प्याला किमान 24 तास द्या. गिरक्यांची घाई तर मुळीच नको. तोल सांभाळणारी यंत्रणा बरेचदा उशिरा सावरते. चक्कर, मळमळ, डोकेदुखी परतली तर थांबा, डॉक्टरांना कळवा. हेल्मेट जरूर घाला, पण ते कन्कशन पूर्णपणे टाळू शकत नाही. वारंवार उलट्या, वाढती गुंगी किंवा झटके आले, तर थेट इमर्जन्सी गाठा. स्पर्धा जवळ आली असेल, तर ती खुशाल सोडा.