जावयाचा थकलेला कर लेकीच्या माथी?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत नोकरी करते. तिथल्याच एका घटस्फोटित मुलाशी तिचं लग्न ठरतंय. पहिल्या लग्नातल्या दोन वर्षांचा इन्कम टॅक्स थकलाय, हे त्याने स्वतःच सांगितलं. ‘तो पहिल्या बायकोने भरायचा, असं कोर्टाच्या कागदात आहे,’ म्हणतो. उद्या तिथलं सरकार माझ्या मुलीच्या मागे लागेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : त्याने आपणहून सांगितलं, ही जमेची बाजू. पण कोर्टाच्या त्या कागदावर विसंबू नका. आपल्याकडे नवरा-बायको आपापलं रिटर्न भरतात. अमेरिकेत बहुतेक जोडपी एकत्र भरतात, आणि सही केली की सगळ्या कराला दोघंही बांधील. घटस्फोटातली वाटणी त्या दोघांपुरती. आयआरएस, म्हणजे तिथलं केंद्रीय करखातं, ती मानायला बांधील नाही. तिने भरला नाही तर ते याला धरणार; मग याने तिच्यावर खुशाल दावा लावावा.

तुमच्या मुलीवर मात्र नुसत्या लग्नाने ही थकबाकी चढत नाही. झळ बसते ती रिफंडला. लग्नानंतर दोघांनी एकत्र रिटर्न भरलं, की परत मिळायची रक्कम आयआरएस जुन्या थकबाकीत वळती करून घेते. त्यात तिच्या पगारातून कापलेले पैसेही आलेच. तिचा वाटा सोडवून घ्यायला फॉर्म ८३७९ असतो. तो रिटर्नबरोबरच जोडावा. वेगळं रिटर्न भरलं तर हा घोळच नाही, पण मग शिक्षणखर्चासारख्या काही सवलती बुडतात. दोन्ही हिशेब मांडून बघायला सांगा.

मला जास्त काळजी वाटते ती घराची. जोडनावावर घर घेतलं, की त्याच्या हिश्श्यावर सरकारचा बोजा चढू शकतो. नवरा-बायकोची मालकी अविभाज्य असली तरी केंद्राचा करबोजा नवऱ्याच्या हक्काला चिकटतो, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये क्राफ्ट खटल्यात दिला. त्यामुळे बाकी फिटेपर्यंत घर घ्यायचंच झालं, तर तिच्या पैशांतून आणि तिच्या एकटीच्या नावावर घ्यावं. नवी नवरी असं म्हणायला कचरते, हे कळतं. तरी म्हणावं.

कर थकला कशामुळे, हेही विचारा. पहिल्या बायकोने उत्पन्न लपवलं आणि याला खरोखरच पत्ता नव्हता, तर फॉर्म ८८५७ भरून त्याला सुटका मागता येते. त्यासाठी साधारणपणे वसुली सुरू झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तसं नसेल तर हप्ते बांधून घ्यावेत. कर आकारल्यापासून सामान्यतः दहा वर्षं वसुली चालू शकते, तेव्हा ‘होईल आपोआप रद्द’ या भरवशावर संसार थाटू नये. आयआरएसच्या संकेतस्थळावर त्याच्या खात्याचा उतारा मिळतो, तो बघायला मागा. पत्रिका मागताना आपण कुठे लाजतो?

आणखी एक. नोकरीसाठी दोघं पुढेमागे कॅलिफोर्निया किंवा टेक्सासला गेली, तर तिथे लग्नानंतरची कमाई सामाईक धरतात. अशी नऊ राज्यं आहेत, आणि काही ठिकाणी जुन्या देण्यापायी बायकोच्या कमाईलाही हात लागू शकतो. तिकडे बिऱ्हाड हलवण्याआधी तिथल्या कर-वकिलाला गाठावं.